सपत्नीक

बाई,

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून नवा प्रोग्रॅम आला आहे. आपले सगळे देणगीदार त्यात चढवायचे होते. बाकीचे चढले. एक जोडी राहिली आहे, ती आमची. माझ्या नवऱ्याच्या नावासमोर एक लहानसा चौकोन आहे. त्यात खूण केली की तो गेला असं कॉम्प्युटरला कळतं. तेवढंच करायचं आहे. मी ते पान उघडते, बघते, बंद करते. उठून माठातलं पाणी पिते, खिडकी उघडते, धूळ येते म्हणून पुन्हा लावते, आणि परत येऊन तेच पान उघडते. सोमवारी पुण्याला कळवायचं आहे, कारण दिवाळीची पत्रं यातूनच छापली जाणार. खूण केली नाही, तर पत्र दोघांच्या नावानं येईल. केली, तर माझ्या एकटीच्या. ऑफिसात कुणाला सांगावं असं हे काम नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, पण या कामाबद्दल बोलायचं तर माझ्याकडे दुसरं माणूस नाही.

तो गेल्या पावसाळ्यात गेला, काविळीनं. तुम्ही मला ‘मिस्टर’ म्हणू द्यायचा नाहीत. “मिस्टर काऊन वं? नवरा म्हन. सरळ शब्द हाये,” म्हणायचात. म्हणून इथेही नवराच लिहिते.

मी बी.कॉम. होऊन या दोन खोल्यांत आले, तेव्हा देणगीदार म्हणजे काय हेही मला नीट माहीत नव्हतं. आलापल्लीच्या पुढे जंगलात आपला दवाखाना होता, मुलींचं वसतिगृह होतं. तिथे मी पहिल्या वर्षी गेलेसुद्धा नव्हते. माझ्यासाठी संस्था म्हणजे चंद्रपूरचं हे ऑफिस, सागवानी कपाट, त्यातले कार्डांचे खण आणि तुम्ही. तुम्ही सिंदेवाहीकडच्या, माझ्या आईपेक्षा थोड्या लहान, पण आवाज आईपेक्षा मोठा. पहिल्याच आठवड्यात अमरावतीच्या एका गृहस्थांच्या निधनाचं पत्र आलं. मी लाल पेन घेतला, त्यांच्या कार्डावर आडवी रेघ मारली आणि वर ठसठशीत ‘मृत’ लिहिलं. मला वाटलं, काम नेटकं झालं. तुम्ही कार्ड हातात घेतलंत आणि म्हणालात, “हे काय केलं? कोंडवाड्यातलं ढोर हाये का हे? मेलं, रेघ मारली?” मी म्हटलं, बाई, पत्र जायला नको म्हणून. “पत्र नाई जानार, ते कोपऱ्यात पेन्शिलीनं तारीख लिहून बी समजते. मानसाचं नाव खोडाचं नसते, पोरी. तो गेला म्हणून तो नव्हताच का?” तुम्ही नवं कार्ड काढून माझ्याकडून सगळं पुन्हा लिहून घेतलंत. मला रडू आलं होतं. तुम्ही ते पाहिलंत आणि चहा टाकायला मागे गेलात, स्टोव्हला पंप मारत बडबडत राहिलात. आज कॉम्प्युटर समोर ठेवून मी त्याच वाक्यापाशी अडकले आहे.

त्या काळात जोडप्याचं एकच कार्ड असायचं. वर नवऱ्याचं नाव आणि कंसात ‘सपत्नीक’. बायकोचं नाव कुठेच नसायचं. कुणी मुद्दाम गाळलं होतं असं नाही. नवरा कळला की बायको कळलीच, असा हिशोब होता. नवरा वारल्यावर मात्र पंचाईत व्हायची. सांत्वनाचं पत्र कुणाला लिहायचं? मग तुम्ही लिहायचात, ‘गं. भा. वहिनी, कै. अमुक यांचे घरी’. बाहेरून आत येणारी वाट जशी अंगणातूनच जाते, तसं त्या बाईपर्यंत जाणारं पत्र मेलेल्या नवऱ्याच्या नावावरून जायचं.

आणि त्या हिवाळ्यात ते झालं. एकाच नावाआडनावाचे दोघे आपल्याकडे होते. एक सिंदेवाहीकडचे, म्हातारे. दुसरा गोंडपिपरी तालुक्यातला, झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणारा नट. त्याच्या भाचीला आपल्या दवाखान्यात गुण आला होता, तेव्हापासून त्याच्या घरून दरसाल तांदळाचं पोतं यायचं. सिंदेवाहीचे वारले. तुम्ही पत्र लिहिलंत आणि पत्ता मात्र शेजारच्या कार्डाचा घातलात. दोन्हीकडे ‘सपत्नीक’. बायकांची नावं असती, तर हात तिथेच थांबला असता.

तो नट ऑफिसात आला तेव्हा मी दाराशीच बसले होते. गळ्यात मफलर, डोळ्यांच्या कडेला नीट न पुसलेलं काजळ. आत येऊन त्यानं तुम्हाला हात जोडले.

“नमस्कार बाई. मी कैलासवासी.”

मला वाटलं आडनाव असेल. तुम्हालाही तसंच वाटलं असावं, कारण तुम्ही अगदी सहज विचारलंत, “कुठचे?”

“तुमच्याच इथचे. तुमीच तं धाडलं मले तिकडे,” असं म्हणून त्यानं लिफाफा टेबलावर ठेवला. तुम्ही तो उलटा केलात, सरळ केलात. अक्षर तुमचं होतं.

तो चिडला नव्हता, हे मला अजून आठवतं. चिडला असता तर सोपं गेलं असतं. खुर्चीवर बसून तो एखाद्या प्रवेशासारखं सांगत होता आणि मधूनच त्याचा आवाज फाटत होता. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो. आज ब्रह्मपुरीकडे, उद्या आरमोरीकडे. घरच्यांना त्याचा पत्ता नसायचा. त्यातच त्या आठवड्यात कुठल्याशा नाटक कंपनीचा ट्रक उलटल्याची बातमी गावात आली होती. आणि त्यावर हा लिफाफा. बायकोला वाचता येत नव्हतं. पोस्टमननं अंगणात उभं राहून पत्ता वाचला, ‘कै.’ म्हणजे काय ते विचारल्यावर सांगितलं, मग आतलं पत्र वाचलं. आपल्या पतीच्या निधनाचे वृत्त ऐकून संस्थेस अतीव दुःख झाले. संस्थेचा शिक्का, खाली सही. शिक्का मारलेल्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्या घराला कोण सांगणार होतं?

“मी नाटकात रोज मरतो बाई, तिसऱ्या अंकात. पन पडदा पडला का उठून चाय पेतो. तुमी तं असं मारलं का साळा गावोगाव मुडदा हुडकत आला. भेटलो तं मेकअप पुसू देईना. हात लावून लावून पाहे. घरी गेलो तं बायको मले पाहून आत पळाली.”

मी हसले. मला आवरलंच नाही. तोही हसला आणि मग त्यानं मफलरमध्ये तोंड घातलं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, “बांगड्या?”

“फोडल्या नं बाई. मायनंच फोडल्या.”

तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत. मला म्हणालात, “चाल वं, तू बी चाल.” वाटेत बाजारात चुडीवाल्या चाचीच्या दुकानात थांबलात. चाचीनं माप विचारलं. तुम्हाला माप कुठलं माहीत? तुमच्या स्वतःच्या हातात घड्याळाशिवाय कधी काही नसायचं. तुम्ही दुकानात बसलेल्या एका बाईच्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणालात, “असा काहीतरी हात आसन.” मग आम्ही तिघं गोंडपिपरीच्या गाडीत बसलो. तो नट ड्रायव्हरच्या ओळखीचा निघाला. ड्रायव्हर म्हणाला, “काय भाऊ, मेले होते म्हणे?” आणि सगळी गाडी वळून बघू लागली. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात.

ती अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. आम्ही आलो तरी थांबली नाही. हात उघडे, एका मनगटावर काचेनं कापल्याची रेघ, अजून ओली. सासू भिंतीला टेकून बसली होती. तुम्ही बाजेवर न बसता तिच्यासमोर जमिनीवरच बसलात आणि म्हणालात, “चूक माही हाये. दुसऱ्याचं पत्र तुह्या घरी आलं.”

सासूच आधी बोलली. “म्या काय मुद्दाम फोडल्या का वं बाई? कागद आल्ता नं.”

सुनेनं सूप खाली ठेवलं. “कागद आला, बांगड्या फोडल्या, ते समजलं मले. पन बुढी बोलली ते? ‘पांढऱ्या पायाची आली, माह्या पोराले खाल्लं.’ तुमच्या कागदात तसं लिहेल होतं का बाई?”

“नाई,” तुम्ही म्हणालात.

“मंग? आता तो आला. बांगड्या बी भरन मी. पन हिच्या हातची चाय पेताना मले तेच आयकू येते. ते कोनं वापस नेईन?”

तो नट, जो गाडीभर बोलत आला होता, तो चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला. तुम्ही पिशवीतून कागदात बांधलेल्या बांगड्या काढल्यात. तिनं एक घेतली, हातात घातली आणि ती सरळ कोपरापर्यंत गेली. “एवढ्या मोठ्या? ह्या तं बुढीलेच येतीन.” सासूला हसू फुटलं, तोंडावर पदर घेऊन. मग त्या नटाला. मग तिलाही, पण ते हसू मध्येच थांबलं, जसं शिवणातला दोरा संपावा. तिनं बांगडी काढून कागदात परत ठेवली.

तेव्हा तुम्ही विचारलंत, “तुह्य नाव काय?”

तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. “नाव काऊन विचारून राह्यल्या?”

“माह्याजवळ तुह्य नाव असतं तं हे झालं नसतं.”

तिनं नाव सांगितलं. इतक्या हळू की तुम्हाला दोनदा विचारावं लागलं. आणि मग जरा मान वर करून ती म्हणाली, “दरसाल तांदूळ येते नं तुमच्या दवाखान्यात? तो मीच धाडतो बाई. हा तं तवा नाटकात असते.”

परतीच्या गाडीत तुम्ही एकदम म्हणालात, “सपत्नीक म्हने. जसं पेटीसोबत कुलूप.” मी हसले, तर तुम्ही माझ्याकडे रोखून पाहिलंत. “हसतं काय? माह्या नावाआधी काय लावते तुमची मराठी, सांग बरं.” चंद्रपुरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. तुमचा नवरा बल्लारपुरात दुसरं घर करून राहत होता. “सौ. लावलं तं ती दुसरी हसते. श्रीमती लावलं तं तो खोकते. जित्ता हाये नं.” असं म्हणून तुम्ही खरोखर खोकून दाखवलंत, आणि पुढच्या बाकावरच्या माणसानं तुम्हाला लवंग दिली. ती तुम्ही खाल्लीत. त्यानंतर या विषयावर तुम्ही माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाहीत.

दुसऱ्या दिवशीपासून नियम झाला. बायकोचं वेगळं कार्ड, तिच्या नावाचं. नवऱ्याच्या आणि बायकोच्या कार्डाला एकेक भोक आणि दोन्हींतून एक दोरा. कुणी गेलं तर कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख, दोरा तसाच. आणि नावाआधी काही नाही. ना श्री., ना सौ., ना गं. भा. नावं मागवायला आपण सगळ्यांना पत्रं टाकली. त्या उत्तरांनी तो उन्हाळा गेला. कूलरच्या वाऱ्यानं कागद उडायचे आणि मी ते वजनाखाली दाबत मोठ्यानं वाचायची. एका गृहस्थांनी एकच शब्द लिहिला होता, ‘कशासाठी?’ एकांनी लिहिलं, ‘विचारून कळवतो’, आणि तुम्ही म्हणालात, “बायकोचं नाव का मंत्र्यासंत्र्याले विचारते?” सिरोंच्याच्या एका व्यापाऱ्यानं लिहिलं, दोन आहेत, दोन्ही लिहू का? नाशिकच्या एका बाईनं स्वतः उत्तर दिलं होतं. लग्नात नाव बदललं, तर तुम्हाला माहेरचं हवं की सासरचं? माहेरचं नाव मी स्वतःसुद्धा पुष्कळ दिवसांनी लिहिते आहे, असं पुढे होतं. ते पोस्टकार्ड तुम्ही दोनदा वाचायला लावलंत.

नागपूरच्या विश्वस्तांनी बजावलं होतं, सौ. काढू नका, बायका रागावतील. तसं झालंही. वर्ध्याच्या एका आजींचं पत्र आलं. ‘माझं सौ. तुम्ही कोणत्या अधिकारात काढलंत? ते मला कुणी फुकट दिलेलं नाही.’ मला वाटलं, आता तुम्ही त्यांना समजावणार. मी तुमच्या बाजूनं भांडायला तयारच होते, तरुण होते, मला तो नियम फार आवडला होता. पण तुम्ही म्हणालात, “तिले पाह्यजे तं लाव. आपन काढाले कोण?” मला राग आला. नियम म्हणजे नियम, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, “नियम माह्या चुकीचा हाये. तिच्या घरचा नाई.” हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळल्यासारखं वाटतं तर त्याचा त्रास होतो.

आमच्या घरात गेलेल्या माणसाला कै. लिहीत नाहीत. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांच्या फोटोखाली कालकथित असं लिहिलेलं आहे. हे तुम्हीच एकदा मला विचारलंत, जेवणाचे डबे उघडताना, अगदी भाजीत मीठ किती घालता असं विचारावं तसं. मी सांगितलं. मग चुडीवाल्या चाचीला विचारलंत, ती म्हणाली, मरहूम. तेव्हापासून ज्याच्या घरचा जो शब्द, तो त्याच्या पत्रात. माझ्या लग्नाला तुम्ही विहारात सगळ्यांत पुढे बसलात. आहेर म्हणून स्टीलचा डबा दिलात, आणि आत दोन कार्डं होती, दोऱ्यात ओवलेली, माझं आणि त्याचं. “आता पगार घेते नं? मंग देत जा थोडं, दोघं बी.” माझ्या नवऱ्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं. तो एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, त्याचं बोलणं कमी. त्यानं विचारलं, “हे दोघांचं वेगळं वेगळं काऊन?” तुम्ही म्हणालात, “भांडण झालं तं एकाचं तरी येईन.” तो इतका मोठ्यानं हसला की भंतेजींनी वळून पाहिलं. पुढे आमचं भांडण झालं की तो म्हणायचा, यंदा माझं काही जात नाही संस्थेत. आणि मग देऊन यायचा.

तुम्ही गेलात, त्यानंतर कॉम्प्युटर आला. पहिला प्रोग्रॅम साधा होता, मी सांगेन तसा करून घेतला. या नव्याचं तसं नाही. त्यात ‘स्पाऊस’ असा रकाना आहे. तिथे जोडीदाराचं नाव टाकलं की दोघांची पानं एकमेकांना जोडली जातात, तुमच्या दोऱ्यासारखीच. पण त्या चौकोनात खूण केली की दोरा तुटतो. बायकोच्या पानावर स्पाऊसचा रकाना कोरा होतो आणि खाली आपोआप येतं, ‘एकटे’. नवऱ्याच्या नावाआधी आपोआप कै. लागतं. त्यात दुसरा शब्दच ठेवलेला नाही. मी पुण्याला फोन केला. तिथला मुलगा चांगला आहे, अदबीनं बोलतो.

“मॅडम, डिसीज्ड केलं की लिंक जाते. डिझाइनच तसं आहे.”

“का जाते?”

“म्हणजे... जोडीदार नाहीये ना आता.”

“नाहीये म्हणजे? लग्न झालं नव्हतं का त्यांचं?”

“मॅडम, तुम्हाला लिहायचंच असेल तर टीप म्हणून रकाना आहे. तिथे लिहा. पण पत्रावर ते येणार नाही.”

मी त्याला बरंच बोलले. आपल्याकडे कितीतरी बायका आहेत ज्या नवरा गेल्यावरही देत राहिल्या, त्याच्याच आठवणीनं देतात, त्यांना तुम्ही एका खुणेनं एकटं कसं करता? आमच्याकडे कालकथित लिहितात, तो शब्द तुमच्या यंत्रात का नाही? माझा आवाज चढला. दुसऱ्या खोलीतल्या बाईनं दारातून डोकावून पाहिलं. फोन ठेवल्यावर मला वाटलं, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरगी शिकली.

तो गेल्यापासून घरात मी एका जागी बसू शकत नाही. भांडी घासलेली पुन्हा घासते. मुलगी म्हणते, आई, बस ना. वीजबिल अजून त्याच्याच नावानं येतं, गॅसचं पुस्तक त्याचंच आहे, आणि तिथे कुणालाच घाई नाही. डेपोतून मात्र पत्र आलं ते ‘श्रीमती’ लावून आलं. मी नावाआधी काही न लावणारी बाई, तुमच्या हाताखाली तयार झालेली, आणि तो शब्द वाचून मी तो लिफाफा टेबलावर पालथा ठेवला. वर्ध्याच्या त्या आजी आठवल्या. कुणी फुकट दिलेलं नाही. ते काय होतं जे मी मिळवलं होतं, आणि एका शब्दानं गेलं? मला नीट सांगता येत नाही. सौ. मला नको होतं, आणि ते गेलं तेव्हा मात्र मला ते गेल्यासारखं वाटलं.

काल शनिवारी दिवसभर बसून मी बाकीच्यांच्या खुणा केल्या. विधवा बायका, विधुर पुरुष. प्रत्येक खुणेबरोबर समोरचं पान कोरं होत होतं. सुरुवातीला मी प्रत्येकीच्या टीपेत नवऱ्याचं नाव लिहिलं, त्याच्या घरचा शब्द लावून. त्या नटाच्या बायकोचंही. तोही आता खराच गेला आहे आणि तांदूळ अजून येतो. तिच्या टीपेत मी नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘नाटकात काम करीत’. मग दुपार झाली, वीज एकदा गेली, आली, आणि मी टीपा लिहिणं सोडलं. नुसत्या खुणा करत गेले. वर्ध्याकडच्या झाल्या, अमरावतीच्या झाल्या. कितीजणींना मी ‘एकटे’ केलं ते पाहिलं नाही. त्यांच्यासाठीच मी त्या मुलाशी भांडले होते ना? भांडताना मला तसंच वाटत होतं.

बाई, आज रविवार आहे. ऑफिस बंद आहे आणि किल्ली माझ्याजवळ असते म्हणून मी इथे आहे. आमच्या पानावर मी खूण केलेली नाही आणि आता करणारही नाही. उद्या पुण्याला कळवणार, सगळं काम पूर्ण झालं. दिवाळीला पत्र येईल आणि त्यावर आम्हा दोघांची नावं असतील. मुलगी विचारेल, तिला मी प्रोग्रॅमची चूक आहे असं सांगेन. ती चूक नाही, हे फक्त मला माहीत असेल. मी त्या सगळ्या बायकांसाठी भांडले नव्हते. मला फक्त त्याला ठेवायचं होतं. हे पत्र तुम्हाला पोहोचवायची काही सोय असती, तरी मी ते धाडलं नसतं. वाचून तुम्ही सगळ्यांत आधी बाकीच्या बायकांचं विचारलं असतं.